पारावरच्या तपासाने खऱ्या तपासाचं नुकसान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेत किंवा कॉलेजात जाणाऱ्या पोराचा, पोरीचा खून होतो. पंधरा दिवस उलटतात, आरोपी सापडत नाही. मग पारावर, चहाच्या टपरीवर आणि सगळ्यात जास्त व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर दुसराच तपास सुरू होतो. कुणी मामाचं नाव घेतं, कुणी मित्राचं, कुणी बांधावरच्या जुन्या भांडणाचं. वैजापूरपासून किनवटपर्यंत हे सारखंच चालतं, म्हणून कोणत्या एका गावाचं नाव इथं लिहीत नाही. पत्र लिहिणारे आम्ही तिघे आहोत. एकाची नोकरी गुन्ह्यांच्या तपासात गेली, दुसऱ्याची शवविच्छेदनगृहात, आणि तिसरा सत्र न्यायालयात फौजदारी खटले चालवतो. लोक जिवाला लागतं म्हणूनच बोलतात, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण त्या बोलण्याने नेमकं कुठे काय बिघडतं, हे त्यांना कुणी सांगत नाही.

फोटोपासून सुरुवात करतो, कारण बहुतेक अफवांचा उगम तिथे असतो. विहिरीत, कालव्यात किंवा तुरीच्या शेतात मृतदेह दिसला की पोलीस पोचण्याआधी मोबाइल पोचतात. फोटो तालुकाभर फिरतो आणि प्रत्येक जण त्यावरून निदान करतो. डोळे काढले, जीभ बाहेर आली म्हणजे गळा दाबला, नाकातोंडातून रक्त आलं म्हणजे विष पाजलं, अंगावर अॅसिड टाकलं. आपल्याकडे वैशाखात पारा 42-43 अंशांवर असतो. अशा उन्हात मृतदेह बारा ते अठरा तासांत कुजू लागतो. पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हिरवट डाग पडतो, मग आत वायू साचतो. त्याच वायूच्या दाबाने डोळे आणि जीभ बाहेर येतात, आणि फुप्फुसातलं तांबूस पाणी नाकातोंडावाटे बाहेर पडतं. कातडीवर फोड येऊन साल सुटते, ती भाजल्यासारखी दिसते. पाण्यातल्या देहाचे ओठ, कान, पापण्या मासे आणि खेकडे कुरतडतात. शेतातल्या देहावर मुंग्यांच्या चाव्यांचे तपकिरी डाग उमटतात, ते हुबेहूब खरचटल्यासारखे असतात. शरीर सैल पडतं, आणि त्यावरून अत्याचार झाल्याचंही बिनधास्त पसरवलं जातं. ते ठरवायला जखमांची बारीक तपासणी, स्वॅब आणि प्रयोगशाळा लागते.

पाठीवरच्या जांभळ्या चट्ट्यांचं तर नेहमीचंच. मृत्यूनंतर रक्त आपल्या वजनाने खालच्या बाजूला उतरतं, तिथली कातडी जांभळी होते आणि साधारण सहा ते बारा तासांत ते चट्टे पक्के होतात. फोटो पाहणारा म्हणतो, काठीने मारलंय. डॉक्टर टेबलावर त्या जागी छोटी चीर देतो आणि पाण्याची धार सोडतो. रक्त वाहिन्यांतून येऊन धुऊन गेलं तर तो मृत्यूनंतरचा चट्टा. मांसात मुरलेलं असेल, धुतलं तरी जात नसेल, तर तो जिवंतपणीचा मार. एवढ्या एका चिरेवर खटल्याची दिशा ठरू शकते, आणि ती चीर कोणत्याही फोटोत नसते. या सगळ्यामुळे मुलाला मारलंच नाही असं ठरत नाही. फोटोवरून काहीच ठरत नाही, एवढंच आमचं म्हणणं आहे.

यानंतरचा गैरसमज कागदांचा. 'पोलिसांनी नुसता अकस्मात मृत्यू दाखल केला, म्हणजे प्रकरण दाबलं' असं सर्रास बोललं जातं. मृत्यूचं कारण उघड नसेल तर पहिली नोंद अकस्मात मृत्यूचीच होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम 194 खाली मरणोत्तर पंचनामा होतो आणि देह शवविच्छेदनाला जातो. डॉक्टरांनी घातपाताचं कारण दिलं की त्याच कागदांवरून भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 103 खाली खुनाचा गुन्हा नोंदला जातो. 'रात्री पोस्टमार्टेम केलं नाही, सकाळपर्यंत पुरावा मिटवला' हे दुसरं वाक्य. केंद्राने नोव्हेंबर 2021 मध्ये सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला मुभा दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेला देह आणि घातपाताचा संशय असलेली प्रकरणं त्यातून वगळली. कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तरच अपवाद. पिवळ्या दिव्याखाली जखमेचा रंग चुकतो, आणि रंगावरून जखमेचं वय सांगायचं असतं. देह तालुक्याहून संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात किंवा अंबाजोगाईला हलवला तरी 'वर सेटिंग झाली' असं म्हणतात. कुजलेला देह, लहान मूल, अवघड जखमा असतील तर न्यायवैद्यकशास्त्राच्या तज्ज्ञाकडेच पाठवायला हवा, आणि तो मेडिकल कॉलेजात असतो.

'मत राखून ठेवलं' या शब्दांवर तर मोर्चे निघतात. याचा अर्थ डॉक्टरने तोंड मिटलं असा नाही, प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत मृत्यूचं कारण सांगायचं तो थांबतो, एवढाच. जठर आतल्या अन्नासकट, लहान आतड्याचा सुमारे 30 सेंटीमीटरचा तुकडा, यकृताचा मोठा तुकडा, दोन्ही मूत्रपिंडांचा निम्मा भाग, असा व्हिसेरा मिठाच्या संपृक्त पाण्यात बरणीत जातो. बरणी दोन-तृतीयांशच भरतात, कारण वायू धरून ती फुटू शकते. वापरलेल्या मिठाच्या पाण्याचा नमुनाही वेगळा पाठवतात, म्हणजे विष त्यातूनच आलं असं कुणाला म्हणता येऊ नये. घाईत कुणी मिठाच्या पाण्याऐवजी फॉर्मेलिन ओतलं की विषाची तपासणी जवळजवळ हातची जाते. बुडून मृत्यूचा प्रश्न असेल तर हाडातला मगज आणि त्याच विहिरीचं पाणी, दोन्ही लागतात. आत गेलेले सूक्ष्म शैवालकण त्याच पाण्यातले आहेत का, हे ताडून पाहतात. पाण्याचा नमुना घ्यायचा राहिला आणि मध्ये विहीर उपसली किंवा पाऊस पडला, की ती चाचणी कुचकामी. हे नमुने छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात. तिथल्या अहवालाला खेड्यात अजून 'सी.ए. (केमिकल अॅनालायझर) रिपोर्ट' म्हणतात. तो यायला महिने लागू शकतात. मनुष्यबळ वाढवा, रिपोर्ट लवकर द्या, अशी मागणी जरूर करावी. तिला आमचा पूर्ण पाठिंबा आहे.

आता घटनास्थळ. काळी माती ओली असेल तर पावलाचा ठसा इतका स्वच्छ उमटतो की चपलेच्या तळव्याची झीज, टाचेतला खिळा, चिकटलेली काडीसुद्धा दिसते. असा ठसा दिसला की त्याच्यावर घमेलं किंवा टोपलं पालथं घालावं, भोवती चार दगड ठेवावेत, आणि मागे सरावं. त्यातली माती झाडू नये, पाणी शिंपडू नये. प्लास्टर ओतून साचा घेण्याचं काम फिरत्या प्रयोगशाळेच्या पथकाचं. पण दोनशे माणसं देह बघायला बांधावरून उतरली की त्या ठशावर दोनशे ठसे पडतात. श्वानपथक जिल्ह्याच्या ठिकाणाहून येईपर्यंत वास तुडवला गेलेला असतो. मग कुत्रं रस्त्यापर्यंत जाऊन थांबलं की 'आरोपी गाडीतून पळाला' अशी नवी बातमी तयार होते. 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटलाला गावातल्या गुन्ह्याबद्दल ठरावीक कर्तव्यं दिली आहेत. त्याने आणि चार तरुणांनी शेताच्या चारी वाटा अडवल्या, देहाजवळ जायला एकच वाट ठेवली आणि कोण आत गेलं त्यांची नावं वहीत लिहिली, तरी मोठं काम होतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 176(3) प्रमाणे सात वर्षं वा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी येणं आणि चित्रीकरण होणं अपेक्षित आहे. पथक येईल तेव्हा तिथे काहीतरी शिल्लक असलं पाहिजे.

कपड्यांचं सांगायलाच हवं. मुलाचा रक्ताने भिजलेला शर्ट घरच्यांनी किंवा कुणा शहाण्याने कॅरीबॅगमध्ये गाठ मारून ठेवला, की ओलाव्याने दोन दिवसांत बुरशी धरते आणि डीएनए सडतो. रक्ताचा कपडा सावलीत, पंख्याच्या वाऱ्यावर वाळवावा लागतो, उन्हात नाही. मग प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात. दोन कपडे एकत्र बांधले तर एकाचं रक्त दुसऱ्याला लागतं, आणि कोणतं रक्त कुणाचं हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो. पाकिटावर पंचांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या, लाखेचं सील, मुद्देमाल रजिस्टरमध्ये नोंद, कोणता शिपाई कोणत्या तारखेला प्रयोगशाळेत घेऊन गेला त्याची नोंद. न्यायालयात ते पाकीट उघडतात तेव्हा आरोपीचा वकील कपड्याच्या आधी सील पाहतो. ते ठीक नसेल तर आतला कपडा कितीही बोलका असो, त्याची किंमत घसरते.

मोबाइलवरून दुःखी घराकडून नकळत सगळ्यात मोठी चूक होते. गेलेल्या पोराचा फोन नातेवाईक उघडायला बघतात, पॅटर्न दहा वेळा चुकवतात, इभ्रतीपायी चॅट पुसतात, फोटो काढून टाकतात. त्यात व्हॉट्सअॅप उघडलं गेलं की मुलाच्या नावापुढे 'ऑनलाइन' दिसतं, आणि संध्याकाळपर्यंत गावात पसरतं, मेल्यावरही फोन चालू होता, म्हणजे फोन खुन्याकडे आहे. फोन चालू सापडला तर चालू ठेवून फ्लाइट मोडवर टाकावा, बंद असेल तर बंदच राहू द्यावा, सिम काढू नये, नंबर बंद करू नये, आणि पंचनाम्यात नोंद करून पोलिसांच्या हवाली करावा. टॉवर लोकेशनचाही फार बाऊ होतो. खेड्यात एका टॉवरचा पट्टा कित्येक किलोमीटर पसरलेला असतो. अमक्याचा फोन त्या टॉवरवर होता, याचा अर्थ तो त्या विहिरीवर होता असा होत नाही. तो घरी झोपलेला असेल तरी टॉवर तोच. कॉलचा तपशील कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवावा लागतो, त्यामुळे तिथे थोडी सवड असते. ढाबा, पेट्रोल पंप, कृषी केंद्राच्या कॅमेऱ्याला ती सवड नाही. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारं यंत्र, साधारण 15 ते 30 दिवसांत जुनं चित्रण पुसून त्यावर नवं घेतो. मालकाने स्क्रीनचा व्हिडिओ मोबाइलवर काढून ग्रुपवर टाकला तर तो पुरावा म्हणून जवळपास निकामी. डीव्हीआरचं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा किती मिनिटं पुढे-मागे आहे ते कागदावर लिहावं, यंत्र बंद करून ठेवावं आणि ठाण्याला लेखी कळवावं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे नव्या पुरावा कायद्याच्या, कलम 63 चं प्रमाणपत्र आणि हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये बदल झालेला नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) असल्याशिवाय न्यायालयात ते चित्रण उभं राहत नाही.

आमच्या मते सगळ्यात जास्त नुकसान ज्या गोष्टीने होतं, ती बाहेरून दिसतच नाही. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 23 ने, म्हणजे जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 27 ने, त्यात एक वाट ठेवली आहे. कोठडीतल्या आरोपीने सांगितल्यावरून एखादी वस्तू मिळाली, तर त्या सांगण्यातला तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. दोन पंचांसमोर त्याचं निवेदन लिहून घेतात, तो पुढे, जीप मागे, तो जागा दाखवतो, वस्तू निघते, पंचनामा होतो. या सगळ्याचं वजन एकाच गोष्टीत आहे: ती जागा त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. आता समजा कोयता नाल्याच्या पुलाखाली आहे, असं चार दिवस आधी ग्रुपवर फिरलेलं आहे. कुणी अंदाजाने लिहिलं असेल, कुणी ठाण्यातून ऐकून लिहिलं असेल. उलटतपासात वकील त्या मेसेजची छापील प्रत पंचाच्या हातात देतो. 'हा तुमच्या गावचा ग्रुप आहे ना? तुम्ही त्यात आहात ना? मग ही जागा तुम्हाला आधीच माहीत होती?' पंच 'हो' म्हणतो, कारण ते खरं असतं. तिथे पुराव्याची एक कडी तुटते. खुनाला डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नसेल तर सगळा खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर उभा असतो. सर्वोच्च न्यायालयाने 1984 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात त्याच्या पाच कसोट्या घालून दिल्या, वकील मंडळी त्यांना पंचशील म्हणतात. त्यातली एक अशी की साखळी इतकी पुरी असावी की आरोपीच्या निर्दोषपणाला वाजवी जागाच उरू नये. कडी तुटली की जागा उरते. म्हणून तपास अधिकारी दोन-तीन बाबी मुद्दाम जाहीर करत नाही. जखमा किती होत्या, गाठ कशी मारलेली होती, खिशातलं काय गेलं. पत्रकारांनी त्या खोदून काढू नयेत, आणि अधिकाऱ्यांनीही कॅमेऱ्यापुढे सांगू नयेत.

साक्षीदाराचंही तसंच. अंधारात अर्धवट पाहिलेल्या माणसाचा चेहरा ग्रुपवरच्या फोटोने भरून निघतो. तो मुद्दाम खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं आठवू लागतं. ओळखपरेडीत एका संशयितासोबत त्याच्यासारखे दिसणारे किमान सहा जण उभे करावे लागतात, आणि ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर होते. साक्षीदाराने संशयिताचा फोटो आधीच मोबाइलवर पाहिला असेल तर परेडीला अर्थ राहत नाही. यूट्यूबवाल्यांना दिलेली मुलाखतही पुढे साक्षीदाराच्याच अंगावर येते. 'तिथे तर काळी गाडी म्हणालात, इथे पांढरी कशी?' एवढा एक प्रश्न पुरतो.

'48 तासांत अटक करा' ही मागणी समजू शकते, पण तिची किंमत लोकांना माहीत असावी. अटक झाली की घड्याळ सुरू होतं. पहिल्या कोठडीपासून 90 दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187(3) प्रमाणे आरोपीला जामीन मागण्याचा हक्कच मिळतो, गुन्हा कितीही घोर असो. डीएनए अहवाल आलेला नाही, फोनची तपासणी बाकी आहे, आणि दबावापोटी माणूस उचलला, तर त्यातून कच्चं दोषारोपपत्र तरी निघतं नाहीतर जामीन. चुकीचा माणूस पकडला गेला आणि सुटला, तर पुढे खरा आरोपी सापडल्यावर त्याचा वकील पहिल्यांदा तेच विचारतो: आधी पोलीस शपथेवर दुसऱ्यालाच खुनी म्हणत होते ना? तपास अधिकारी बदलला म्हणजे दरवेळी दबाव आला असंही नसतं. अॅट्रॉसिटीचं कलम लागलं की तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे द्यावाच लागतो. नार्को चाचणीची, म्हणजे औषध देऊन गुंगीत प्रश्न विचारण्याची, मागणी तर प्रत्येक मोर्चात असते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच ठरवलं आहे की संमतीशिवाय ती करता येत नाही, आणि तिच्यात सांगितलेलं स्वतःच पुरावा होत नाही.

अंदाज कुठवर जाऊ शकतात, याचं देशातलं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण नोएडाचं. 16 मे 2008 रोजी चौदाव्या वर्षातल्या एका मुलीचा मृतदेह तिच्या घरात सापडला. दिवसभर घरात शेजारी, नातेवाईक, पत्रकार यांची वर्दळ राहिली. संशय बेपत्ता नोकरावर गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीच्या गच्चीवर त्या नोकराचाच मृतदेह मिळाला. पुढे पोलिसांनी पत्रकार परिषदेत त्या मुलीच्याच चारित्र्यावर शिंतोडे उडवले, वाहिन्यांवर कित्येक महिने नाट्यरूपांतरं चालली. 2013 मध्ये विशेष न्यायालयाने आईवडिलांना जन्मठेप दिली, ऑक्टोबर 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. दोन खून झाले, आणि आज कुणीही दोषी नाही. अफवेचं दुसरं टोक आपल्याच राज्यातलं आहे. 1 जुलै 2018 रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून भिक्षेसाठी फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. आपल्याकडे तर संशयिताचं नाव निघण्याआधी आडनाव विचारलं जातं. तिथून पुढे दोन आळ्यांमध्ये पाणी बंद व्हायला वेळ लागत नाही.

मुलांच्या बाबतीत कायदा फार स्पष्ट आहे, आणि तो रोज मोडला जातो. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 74 प्रमाणे गुन्ह्यात बळी पडलेल्या, साक्षीदार असलेल्या किंवा संशयित अशा कोणत्याही बालकाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो प्रसिद्ध करता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पोक्सोचं कलम 23 आणि न्याय संहितेचं कलम 72 ही लागू होतात, आणि पीडिता हयात नसली तरी ती लागू राहतात, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये सांगितलं आहे. बॅनरवर फोटो लावून न्याय मागणारेही यातून सुटत नाहीत. सोळा-सतरा वर्षांच्या ज्या मित्रांकडे गाव बोट दाखवतं, तीही कायद्याने बालकंच. त्यांची नावं पसरवल्याने एखादं पोर शाळा सोडतं, एखादं घर गाव सोडतं, आणि त्या पोराने खरंच काही पाहिलं असेल तर ते सांगायला पुन्हा कधीच तोंड उघडत नाही. तपासाचं याहून मोठं नुकसान आम्हाला माहीत नाही. मृत मुलीबद्दल 'तिचं कुणाशी तरी होतं' असं लिहिणंही न्याय संहितेच्या कलम 356 खाली बदनामी ठरू शकतं, ती व्यक्ती हयात नाही म्हणून सुटका होत नाही. वृत्तवाहिन्यांनी तपास चालू असताना काय करू नये, हे मुंबई उच्च न्यायालयाने 18 जानेवारी 2021 च्या निकालात मुद्देसूद लिहिलं आहे: घटनेची नाट्यरूपं दाखवू नयेत, साक्षीदारांच्या मुलाखती घेऊ नयेत, कबुलीजबाब छापू नयेत. आपल्या दैनिकाच्या तालुका प्रतिनिधींपर्यंत हा निकाल पोचवावा, ही विनंती.

ज्याला खरंच काही माहीत आहे, त्याने ते कुठे न्यावं? खुनाची माहिती पोलिसांना देणं हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 33 प्रमाणे नागरिकाचं कर्तव्यच आहे. आज आठवतंय तेच आजच कागदावर लिहा. काय दिसलं, किती अंतरावरून, उजेड कशाचा होता, आणि वेळ कशावरून कळली. 'रात्री दहाच्या सुमारास' यापेक्षा 'शेतातल्या पंपाच्या मोटारीची लाइट नुकतीच आली होती' किंवा 'मुक्कामी एसटी येऊन गेली होती' हे शंभरपट उपयोगाचं. कृषिपंपाचा फीडर किती वाजता सुरू झाला हे महावितरणच्या उपकेंद्राच्या नोंदवहीत सापडतं, एसटीची वेळ वाहकाच्या तिकिटावरून काढता येते, आणि तुमचं म्हणणं मिनिटाच्या हिशेबाने पक्कं होतं. ऐकलेलं असेल तर कुणाकडून ऐकलं तेवढंच लिहा, स्वतः पाहिल्यासारखं लिहू नका. अर्ज ठाण्यात द्या, शिक्क्याची पोच घ्या. ठाण्यावर भरवसा नसेल तर पोलीस अधीक्षक कार्यालयात द्या. स्त्रियांना, पंधरा वर्षांखालच्या मुलांना आणि साठ वर्षांवरच्या पुरुषांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं असतं. धमकी असेल तर 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो, आणि धोक्याचा अहवाल पाच कामकाजी दिवसांत मागवला जातो. दंडाधिकाऱ्यांसमोर त्याच संहितेच्या कलम 183 खाली जबाब नोंदवून घ्या, असं तुम्ही तपास अधिकाऱ्याला स्वतः म्हणू शकता. असा जबाब नंतर फिरवणं सोपं नसतं, त्यामुळे दबाव आणणाऱ्याचाही जोर कमी होतो.

आणि ज्या घरातलं मूल गेलं त्यांच्यासाठी. प्रथम माहिती अहवालाची प्रत फुकट मिळते, ती घ्या. तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवणं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 193(3) प्रमाणे पोलिसांवर बंधनकारक आहे, फोनवर मेसेज आला तरी चालतो. नाही कळवलं तर लेखी मागा. आरोपी सापडलाच नाही तर पोलीस 'अ' समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा आहे पण करणारा मिळाला नाही. त्याने फाइल कायमची बंद होत नाही. खुनाला मुदतीचं बंधन नाही, नवा धागा मिळाला तर दहा वर्षांनीही तपास पुन्हा सुरू होऊ शकतो. समरी मंजूर करण्याआधी दंडाधिकाऱ्यांनी फिर्यादीला नोटीस द्यायची असते. नोटीस आली की गप्प बसू नका, कोणता साक्षीदार तपासला नाही, कोणता डीव्हीआर घेतला नाही, हे एकेक लिहून हरकत नोंदवा. दंडाधिकारी पुढचा तपास करायला सांगू शकतात, तिथे दाद मिळाली नाही तर औरंगाबाद खंडपीठ आहे. बहुतेकांना माहीत नसलेली एक तरतूद त्याच संहितेच्या कलम 396 मध्ये आहे. आरोपीचा शोध लागला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी मृताच्या अवलंबितांना भरपाईसाठी अर्ज करता येतो. तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं. प्रथम माहिती अहवाल, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला, नात्याचा पुरावा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत सोबत जोडावी. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करायची असते. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि ठरावीक उत्पन्नाखालच्या कुटुंबांना वकीलही तिथूनच मोफत मिळतो.

आपले,
एक निवृत्त पोलीस तपास अधिकारी, एक निवृत्त न्यायवैद्यक डॉक्टर व एक फौजदारी वकील
छत्रपती संभाजीनगर
(नावे व पत्ते संपादकांकडे दिले आहेत.)